न्यूजर्सीहून पिट्सबर्गला जातोय, लेकीला घरीच माँटेसरी शिकवायचंय, कायद्याचं काय?

"ताई, आम्ही मूळचे कराडचे, चार वर्षांपासून एडिसनला आहोत. लेक जूनमध्ये सहा वर्षांची होईल. तीन वर्षं ती इथल्या एका माँटेसरीत जातेय आणि तिथे खरंच खूप खुलली, पण आता फी झेपत नाही, त्यात नवऱ्याचा प्रोजेक्ट पिट्सबर्गला शिफ्ट झालाय आणि जुलैत आम्ही मूव्ह होतोय. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर आहे, घरीच असते, त्यामुळे मीच तिला माँटेसरी पद्धतीने घरी शिकवावं असं डोक्यात आलंय. इथली मैत्रीण म्हणते होमस्कूलिंगला कसलेही कागद लागत नाहीत. पिट्सबर्गची ओळखीची म्हणते दरवर्षी नोटरी, टीचरकडून तपासणी, टेस्ट, सगळं लागतं. नक्की खरं कुणाचं? माझ्याकडे माँटेसरीचं सर्टिफिकेट पण नाहीये. सासूबाई म्हणतात पोरीला शाळेत नाही घातलं तर पोलीस दारात येतील. आणि दोन-तीन वर्षांत भारतात परत गेलो तर तिला शाळेत घेतील का? प्लीज सांगा. – कराडची लेक, सध्या एडिसन"

अगं, तुझ्या दोघी मैत्रिणी खरंच बोलतायत. एक न्यूजर्सीचं सांगतेय, दुसरी पेनसिल्व्हेनियाचं. इथे सक्तीच्या शिक्षणाचा कायदा प्रत्येक राज्याचा आपापला असतो, होमस्कूलिंगसाठी सगळ्या देशाला लागू असा एक कायदा नाहीच. घरी शिकवणं पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण एका राज्यात नुसतं शिकवायला लागायचं आणि शेजारच्या राज्यात फाइल बनवायची, असा फरक असतो. नियम तुला लागणार ते तू राहतेस त्या पत्त्याचे. त्यामुळे एडिसनच्या घरात बसून जे खरं आहे ते डेलावेअर नदी ओलांडली की खरं राहत नाही, आणि तू नेमकी सगळ्यात सोप्या राज्यांपैकी एकातून सगळ्यात जास्त कागद मागणाऱ्यांपैकी एकात चालली आहेस. घाबरू नकोस, मी स्वतः पेनसिल्व्हेनियात माझ्या मुलाला सात वर्षं घरी शिकवलंय, अर्धी वर्षं माँटेसरीनेच, आणि एकदा ढाचा समजला की वर्षाला मोजून काही तासांचं काम आहे ते.

आधी न्यूजर्सीचं पटकन सांगते कारण तिथे सांगण्यासारखं थोडंच आहे. तिथल्या कायद्यात सहा ते सोळा वयाच्या मुलाने शाळेत जावं किंवा शाळेबाहेर 'त्या तोडीचं शिक्षण' घ्यावं असं एक वाक्य आहे आणि त्या एका वाक्यावर तिथलं सगळं होमस्कूलिंग उभं आहे. कुणाला कळवायची सक्ती नाही, परवानगी नाही, टेस्ट नाही. १९६७ साली तिथे स्टेट विरुद्ध मासा नावाची केस झाली, पेक्वानॉकच्या एका आईवर मुलीला शाळेत न पाठवल्याचा खटला होता, तिच्याकडे टीचरचं सर्टिफिकेट नव्हतं, शिक्षण हायस्कूलपर्यंत, आणि कोर्टाने तिला निर्दोष ठरवलं, म्हणाले की शिक्षणाची तोड बघायची ती अभ्यासात, आई टीचर आहे की नाही किंवा मुलीच्या आजूबाजूला वर्गभर मुलं आहेत की नाही यात नाही. मूल पब्लिक शाळेच्या पटावर असेल तर नाव काढतोय असं एक पत्र मात्र द्यावं, नाहीतर गैरहजेरी लागत राहते. तुझी लेक प्रायव्हेट माँटेसरीत आहे, जूनमध्ये तिथलं वर्ष संपेल, त्यांना सांग आणि रेकॉर्डची कॉपी मागून घे. न्यूजर्सीपुरतं तुझं काम इतकंच.

आता पेनसिल्व्हेनिया. इथला होम एज्युकेशनचा कायदा १९८८ चा, अ‍ॅक्ट १६९ म्हणतात त्याला. सक्तीचं वय आधी आठपासून सतरापर्यंत होतं, २०२०-२१ च्या शालेय वर्षापासून ते सहा ते अठरा झालं. म्हणून कुणी जुनी माहिती वाचून तुला सांगेल की आठ वर्षांची होईपर्यंत काही करू नकोस तर ऐकू नकोस. तुझी लेक जूनमध्ये सहाची होतेय म्हणजे सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होतील तेव्हा ती कायद्याच्या हिशोबात बसतेच.

पहिला कागद म्हणजे अ‍ॅफिडेव्हिट. नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, किंवा आता नोटरीऐवजी अनस्वॉर्न डिक्लरेशन पण चालतं, म्हणजे खोटं लिहिलं तर शिक्षेला पात्र आहे असं लिहून स्वतः सही करायची. ते तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, सुपरिंटेंडंटकडे म्हणजे मुख्य अधिकाऱ्याकडे द्यायचं, पहिल्या वर्षी शिकवायला सुरुवात करायच्या आधी आणि नंतर दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत. इथे एक गंमतीशीर अडचण आहे जी बाहेरून येणाऱ्याला कळत नाही, ती म्हणजे पेनसिल्व्हेनियात ५०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि पत्त्यात पिट्सबर्ग लिहिलं म्हणून डिस्ट्रिक्ट पिट्सबर्गचंच असं अजिबात नाही, माउंट लेबनन, नॉर्थ अ‍ॅलिगेनी अशी कितीतरी वेगळी डिस्ट्रिक्ट्स आहेत जिथल्या लोकांची पत्रं पिट्सबर्गच्याच नावाने येतात. लीजवर सही करण्याआधी एजंटला विचार की हे घर कुठल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये येतं, कारण काही डिस्ट्रिक्टची ऑफिसं फार समजूतदार असतात आणि काही नसतात.

अ‍ॅफिडेव्हिटमध्ये काय असतं ते नीट वाच. तुझं नाव 'सुपरवायझर' म्हणून, लेकीचं नाव आणि वय, पत्ता, फोन. सुपरवायझरकडे हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचं शिक्षण हवं, बस्स, तुझ्या डिग्रीची कॉपी जोड आणि विषय संपला. मग लसीकरणाचा आणि त्या वयाला लागणाऱ्या मेडिकल तपासण्यांचा पुरावा, हा मात्र मूव्ह व्हायच्या आधीच एडिसनच्या पीडियाट्रिशियनकडून घेऊन ठेव, नंतर नव्या गावात डॉक्टर मिळेपर्यंत महिना जातो. घरात राहणाऱ्या कुठल्याही प्रौढ माणसाला गेल्या पाच वर्षांत कायद्यात दिलेल्या गुन्ह्यांपैकी कशात शिक्षा झालेली नाही असंही लिहून द्यायचं असतं. 'घरातले सगळे प्रौढ' म्हटलंय त्यात सासूबाई-सासरे सहा महिने राहायला आले तर ते पण धरायचे, घाबरण्यासारखं काही नाही, पण सही करताना आपण कशावर करतोय ते माहीत हवं.

आणि एक ओळ अशी आहे जी आपल्या मराठी घरांनी दोनदा वाचायला हवी. सक्तीचे विषय इंग्रजीतून शिकवले जातील असं तू त्यात लिहून देतेस. म्हणजे घरात मराठी बोलायची नाही असा अर्थ नाही, मराठी शिकवायची नाही असाही नाही, मराठी हा तुझा वरचा विषय, भरपूर शिकव. पण गणित, विज्ञान, भूगोल यांची ओळख इंग्रजीतही व्हायलाच हवी आणि ती नोंदीत दिसायला हवी. माँटेसरीत हे फार सोपं जातं कारण नाव सांगायचा धडा तीन टप्प्यांचाच असतो, हा गोल, गोल दाखव बरं, हे काय आहे, तोच धडा एकदा मराठीत आणि एकदा 'स्फिअर' म्हणून द्यायचा, मुलाला एकाच वस्तूची दोन नावं मिळतात आणि त्याला त्याची मजाच वाटते.

आता तुझा खरा प्रश्न, माँटेसरी. अगं, पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात होमस्कूलिंगसाठी माँटेसरी हा शब्दच नाही. पद्धत कुठली हे राज्य विचारत नाही, ते विचारतं कुठले विषय, किती दिवस किंवा तास, आणि पुरावा काय. त्यामुळे माँटेसरी करायला वेगळी परवानगी नको, पण 'आम्ही माँटेसरी करतो' एवढं म्हणून सुटकाही नाही. तुझी लेक दिवसभर जे हाताने करते ते तुला कायद्याच्या भाषेत मांडता आलं पाहिजे. सगळं कौशल्य यातच आहे आणि हेच कुणी सांगत नाही, लोक एकतर कायद्याला घाबरून माँटेसरी सोडून वर्कबुकं आणतात नाहीतर माँटेसरीच्या प्रेमात कायद्याकडे बघतच नाहीत. मला दोन्हीचं वाईट वाटतं.

प्राथमिक वर्गांसाठी विषय ठरलेले आहेत: इंग्रजी म्हणजे स्पेलिंग, वाचन, लेखन, मग अंकगणित, विज्ञान, भूगोल, अमेरिकेचा आणि पेनसिल्व्हेनियाचा इतिहास, नागरिकशास्त्र, सुरक्षितता आणि त्यात आगीचे धोके आणि आग टाळणं हे नियमितपणे, आरोग्य आणि शरीरशास्त्र, शारीरिक शिक्षण, संगीत, चित्रकला. आता घरातलं काम यावर बसवून बघ. खरखरीत कागदाच्या अक्षरांवर बोट फिरवणं हे लेखन आणि वाचन दोन्ही. सुट्ट्या अक्षरांनी शब्द मांडणं हे स्पेलिंग, आणि माँटेसरीत मूल वाचायच्या आधी असं 'लिहितं' तर नोंदीत तसंच लिही, लपवू नकोस. सोनेरी मण्यांनी हजारापर्यंतच्या संख्या मांडणं, स्टॅम्प गेमवर, म्हणजे एकक-दशक-शतक लिहिलेल्या छोट्या चौकोनी तुकड्यांनी, बेरीज, मण्यांच्या साखळ्या मोजणं हे अंकगणित. खंडांचे पझल नकाशे, मातीपाण्याचं बेट आणि तळं हा भूगोल. फळं कापणं, हात धुणं, डबा भरणं हे आरोग्यात टाक. पानांचे आकार, बी रुजवणं, आणि सहाच्या पुढे विश्वाच्या जन्माची ती मोठी गोष्ट सांगतात ती, हे विज्ञान. मोठ्यांशी कसं बोलायचं, रांगेत कसं थांबायचं, दुसऱ्याचं काम चालू असेल तर बाजूने कसं जायचं हे धडे नागरिकशास्त्राची सुरुवात आहे, पण त्यावरच थांबू नकोस, पोस्ट ऑफिस, लायब्ररी, मतदान केंद्र दाखवून आण.

आगीचा विषय बघून बाहेरचे लोक चक्रावतात, पण आपल्या घरात तर समई आणि निरांजन रोज लागतं! माझ्याकडे हा विषय देवघरातूनच सुरू झाला, काडेपेटी कुणी धरायची, पदर-ओढणी कुठे ठेवायची, दिवा लावून खोलीबाहेर का जायचं नाही, मग तिथून स्मोक अलार्मचं बटण दाबून आवाज ऐकणं, घरातून बाहेर पडायचे दोन रस्ते कागदावर काढणं, आणि कपड्याला आग लागली तर थांब, झोप, लोळ. महिन्यातून एकदा, तारीख घालून. दिवाळीत आपोआप एक धडा जास्त होतो.

इतिहास हा एकच विषय असा आहे जो माँटेसरीच्या नेहमीच्या वस्तूंमधून आपसूक येत नाही आणि तो तुला मुद्दाम आणावा लागेल. पेनसिल्व्हेनियाचा इतिहास म्हणजे सहा वर्षांच्या मुलीला हे राज्य वसवणाऱ्या विल्यम पेनची सनद १६८१ ची वगैरे घोकायला लावायचं नाहीये, काळाची लांब पट्टी जमिनीवर अंथर, त्यावर इथले मूळ रहिवासी लेनापे लोक आधीपासून होते, मग पेन, मग १७७६, मग १७८७ ला फिलाडेल्फियात लिहिलेली राज्यघटना, मग आज्जी जन्मली, मग तू, असं चित्रांनी लावू दे तिला. काळाची पट्टी ही माँटेसरीचीच वस्तू आहे, तिच्यावर कुणाचा इतिहास मांडायचा हे तुझ्या हातात.

अ‍ॅफिडेव्हिटसोबत विषयवार उद्दिष्टांची रूपरेषा द्यायची असते. इथे बायका दहा-दहा पानं लिहितात. नको. प्रत्येक विषयाला दोन-तीन वाक्यं पुरतात, 'अंकगणित: दशमान पद्धती वस्तूंच्या मदतीने समजणं, चार अंकी संख्यांची बेरीज वजाबाकी' असं साध्या भाषेत. कायद्यातच लिहिलंय की ही रूपरेषा बघून सुपरिंटेंडंटने तुमचा कार्यक्रम नियमात बसत नाही असं ठरवायचं नाही. माझ्या पहिल्या वर्षी ऑफिसने माझे कागद परत पाठवले होते, वेळापत्रक आणि पुस्तकांची यादी पण द्या म्हणाले, मी घाबरून दोन रात्री जागून सगळं दिलं आणि मग दरवर्षी तेच मागायला लागले. दुसऱ्या वर्षी मी कायद्याचं कलम वाचलं आणि शांतपणे लिहून कळवलं की कायद्यात जेवढं आहे तेवढं जोडलंय. पुढे कधी मागितलं नाही. मागतील त्या माणसाचा राग करू नकोस, बहुतेक वेळा त्यालाच नियम नीट माहीत नसतो, पण जास्तीचं देऊही नकोस, कारण तुझ्यानंतर येणाऱ्या पुढच्या आईकडे पण मग तेच मागतात. कागद हातोहात दिलेस तर कॉपीवर शिक्का मागून घे, पोस्टाने पाठवलेस तर सर्टिफाइड मेल कर.

वर्षाला १८० दिवस किंवा प्राथमिकला ९०० तास, या दोनातलं एक. मी दिवस मोजायला सांगेन, कारण माँटेसरीत सकाळचे सलग तीन तास मूल कामात बुडालेलं असतं, संध्याकाळी ते तुझ्याबरोबर पोळ्या लाटतं, रविवारी जंगलात फिरतं, त्याचे तास मोजत बसलीस तर तू शिक्षिका कमी आणि हजेरी मास्तर जास्त होशील. कॅलेंडरवर फुली मार, पुरे.

मग पोर्टफोलिओ. कायदा म्हणतो की शिकवताना त्याच वेळी केलेली नोंदवही हवी, त्यात वाचलेल्या पुस्तकांची नावं, आणि मुलीच्या कामाचे नमुने. आता माँटेसरीची पंचाईत इथेच होते, कारण लाकडी ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा रचून ती परत खोक्यात, आपलं, शेल्फवर ठेवून देते, कागद काहीच उरत नाही. म्हणून फोटो. पण माझं कळकळीचं सांगणं आहे, ती रमलेली असताना फोन काढून तिच्या तोंडासमोर धरू नकोस. काम संपून ती चटईवरून उठली की मांडलेल्या वस्तूचा एक फोटो, चेहरा नसला तरी चालतो. ती साखळी मोजून चिठ्ठ्या लावते त्या चिठ्ठ्या ठेव. नकाशा रंगवते तो ठेव. आणि रोज रात्री जेवणं आटोपल्यावर पाच मिनिटं वहीत लिही, आज काय दिलं, काय तिने स्वतः उचललं, कुठलं पुस्तक वाचलं. रोजच. जूनमध्ये बसून दहा महिन्यांचं आठवून लिहिलेली वही वाचणाऱ्याला लगेच कळते आणि ती कायद्याच्या शब्दात बसतही नाही.

वर्षअखेरी तुला एक इव्हॅल्युएटर लागेल. पेनसिल्व्हेनियाचं टीचिंग सर्टिफिकेट असलेली टीचर किंवा लायसन्स्ड सायकॉलॉजिस्ट अशी अनुभवी व्यक्ती, ती तू निवडायची आणि फी तू द्यायची, फक्त तू किंवा तुझा नवरा इव्हॅल्युएटर होऊ शकत नाही. ती पोर्टफोलिओ बघते, मुलीशी गप्पा मारते, आणि योग्य शिक्षण चाललंय असं लिहून देते. ते सर्टिफिकेट ३० जूनपर्यंत सुपरिंटेंडंटकडे. पूर्वी अख्खा पोर्टफोलिओ डिस्ट्रिक्टला न्यावा लागायचा, २०१४ च्या बदलानंतर तो तुझ्याकडेच राहतो, जातं ते फक्त इव्हॅल्युएटरचं पत्र. म्हणून इव्हॅल्युएटर निवडताना माँटेसरी समजणारी शोध, माँटेसरी शाळेत शिकवलेली एखादी टीचर मिळाली तर सोन्याहून पिवळं, आणि जूनमध्ये नाही, ऑक्टोबरमध्येच बोलून ठेव, एप्रिलनंतर त्यांच्या तारखा मिळत नाहीत.

टेस्ट तिसरी, पाचवी आणि आठवीत, भाषा आणि गणिताची, आणि ती आईवडिलांनी घ्यायची नसते. म्हणजे तुला अजून दोन-तीन वर्षं आहेत. पण माँटेसरीच्या मुलांनी पर्यायाचा गोल काळा करणं हा प्रकारच पाहिलेला नसतो, तिसरीच्या आधी एक-दोन महिने खेळ म्हणून ओळख करून दे, त्याहून आधी गरज नाही.

कुणी म्हणेल एवढं सगळं करण्यापेक्षा सायबर चार्टर शाळेत घाल, घरीच असते ती. चालेल, पण ती पब्लिक शाळा असते, मूल घरी बसून त्यांचा अभ्यासक्रम स्क्रीनवर करतं, त्याला कायद्याने होम एज्युकेशन म्हणत नाहीत आणि माँटेसरी तर नाहीच नाही. उलट घरी शिकवूनही डिस्ट्रिक्टकडून बरंच मिळतं हे लोकांना माहीत नसतं. मागितलीस तर त्यांची पाठ्यपुस्तकं उसनी द्यावी लागतात, शाळेच्या खेळात आणि क्लबमध्ये भाग घेता येतो, आणि २०२३-२४ पासून दिवसाच्या पाव भागापर्यंत शाळेतले काही विषयही घेता येतात. एकटी पडेल ही जी काळजी तू पत्रात लिहिली नाहीस पण जी तुझ्या मनात असणारच, तिच्यावर याने थोडा उतारा पडेल.

तुझा एच-४. अ‍ॅफिडेव्हिटमध्ये काय लिहायचं ते कायद्यात दिलंय आणि त्यात व्हिसा नाही. स्वतःच्या लेकीला शिकवणं ही नोकरी नव्हे. पण पुढे काय होतं ते मी अनेक घरांत बघितलंय, एकीचं छान चाललेलं बघून शेजारच्या दोघी आपली मुलं पाठवायला लागतात आणि महिन्याला काहीतरी देते म्हणतात. तिथे थांब. वर्क परमिट नसताना पैसे घेऊन शिकवणं हे एच-४ वर चालत नाही, शिवाय दुसऱ्यांची मुलं घेऊन शाळा चालवणं हा पेनसिल्व्हेनियात वेगळ्याच नियमांचा विषय होतो. दोन-तीन आयांनी आपापली मुलं घेऊन आठवड्यातून एकदा एकत्र जमणं, प्रत्येकीचं अ‍ॅफिडेव्हिट वेगळं, पैशाची देवघेव नाही, यात अडचण नाही. याहून पुढे काही करावंसं वाटलं तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोल.

सर्टिफिकेटचं. कुणी तुला ऑनलाइन कोर्स विकताना 'घरी माँटेसरी शिकवायला हे कायद्याने लागतं' म्हणालं तर ते खोटं आहे. माँटेसरी या नावावर अमेरिकेत कुणाची मालकी नाही, कुणीही ते वापरू शकतं, म्हणून तर चांगली आणि वाईट दोन्ही ठिकाणं त्याच पाटीखाली असतात. शिकायची इच्छा असेल तर जरूर शीक, ही पद्धत सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरीबाईंची स्वतःची पुस्तकं वाच, पण राज्यासाठी नको, लेकीसाठी. आणि हजारो डॉलरचं साहित्य घ्यायची गरज नाही. १९३९ साली माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या, चेन्नईतल्या अड्यारला त्यांनी शिक्षकांना शिकवलं आणि युद्धामुळे वर्षानुवर्षं भारतातच राहिल्या. आणि आपल्या ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत, नंतर कोसबाडला अनुताई वाघांबरोबर हीच पद्धत आदिवासी मुलांपर्यंत नेली तेव्हा युरोपातलं महागडं साहित्य बाजूला ठेवून शंख, शिंपले, बिया, पानं, गारगोट्या वापरल्या. तू मणी आणि शेंगदाणे घेऊन दशमान शिकवलंस तर ते कमी दर्जाचं नाही गं.

सासूबाईंना सांग की पोलीस असे दारात येत नाहीत. अडचण येते ती कागद न देता मूल कुठेच पटावर नसेल तेव्हा. अ‍ॅफिडेव्हिट दिलेलं असेल आणि सुपरिंटेंडंटला तरीही शंका आली, तर त्याला आधी सर्टिफाइड मेलने पत्र पाठवावं लागतं, तुला ३० दिवसांची मुदत मिळते, पुरावा दाखवता येतो, सुनावणी असते. रोज लिहिलेली ती वही तेव्हा कामाला येते.

भारतात परतण्याचं. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश द्यायची तरतूद आहे, आणि सरकारी-अनुदानित शाळेत आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून अडवता येत नाही. प्रायव्हेट शाळा मात्र कागद मागतात आणि तिथे गंमत बघ, न्यूजर्सीत राहून होमस्कूल केलेल्या आईकडे दाखवायला स्वतःच्या वहीशिवाय काही नसतं, तुझ्याकडे दर वर्षीचं सर्टिफाइड टीचरचं पत्र असेल. प्रत्येक वर्षाच्या पत्राची आणि अ‍ॅफिडेव्हिटची स्कॅन कॉपी करून ठेव. पुढे दहावीचंच वय झालं तर एनआयओएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा मंडळाचा, मार्ग आहे, चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावी देता येते.

इतर राज्यांतल्या ज्या मैत्रिणी हे वाचतायत त्यांच्यासाठी दोनच शब्द, माझं उत्तर पेनसिल्व्हेनियाचं आहे, आपल्या राज्याला लावू नका. टेक्सासमध्ये घरची शाळा प्रायव्हेट शाळा धरतात, १९९४ च्या लीपर केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते पक्कं केलं, कळवायचं काही नाही. कॅलिफोर्नियात १ ते १५ ऑक्टोबरमध्ये प्रायव्हेट स्कूल अ‍ॅफिडेव्हिट भरतात. न्यूयॉर्क बहुतेक पेनसिल्व्हेनियाहूनही कडक आहे, १ जुलैपर्यंत पत्र, मग अभ्यासाचा आराखडा, मग दर तीन महिन्यांनी रिपोर्ट. कुठेही असा, राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर जाऊन मूळ कलम एकदा स्वतः वाचा, ओळखीच्यांचं ऐकून राहू नका, माझंही नाही.

तर तुझं आत्ताचं काम, लसीकरणाचा कागद, डिग्रीची कॉपी, माँटेसरीतले रेकॉर्ड एका फोल्डरमध्ये. घर ठरलं की डिस्ट्रिक्ट कुठलं ते बघ, जुलैअखेर अ‍ॅफिडेव्हिट. आणि सामान लागलं की लेकीला डाउनटाउनच्या पॉइंटवर घेऊन जा, अ‍ॅलिगेनी आणि मोनोंगहेला दोन नद्या येऊन मिळतात तिथे. तिला कराडचा प्रीतिसंगम आठवत असेल तर विचार, कृष्णा आणि कोयना मिळाल्यावर पुढे नाव कृष्णाच राहतं, मग इथे दोघी मिळाल्यावर ओहायो का झाली? घरी आल्यावर ती मातीत दोन्ही संगम करून बघेल. रात्री वहीत लिही: भूगोल. तारीख टाकायला विसरू नकोस.